कोनाचे स्तोम आणि धारेचे मर्म

घडीच्या चाकूला दगडावर धार लावायला शिकू पाहणाऱ्या माणसाला आज पहिला उपदेश मिळतो तो कोनाचा. पाते दगडावर नेमके वीस अंशांत टेकवा आणि अंशभरही ढळू देऊ नका, असे त्याला बजावले जाते. नवशिक्याच्या हाताला ते साधायचे नाही, म्हणून कोन धरून ठेवणारा साचा घ्या, हा दुसरा उपदेश. एका दगडाने भागत नाही. चारशे, हजार, तीन हजार, आठ हजार अशी दगडांची चढण हवी, हा तिसरा. आणि हे सगळे झेपत नसेल तर खाचेतून पाते ओढायचे छोटे यंत्र आणून मोकळे व्हा, हा शेवटचा. ज्याला फक्त बोथट चाकू पुन्हा कापता करायचा होता, तो माणूस या उपदेशांनी इतका दबून जातो की चाकू ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि दगड घ्यायचा राहूनच जातो.

हे मत खोडून काढणे मला गरजेचे वाटते, कारण ते एका साध्या आणि अगदी हाताशी असलेल्या कौशल्यापासून माणसांना तोडते. माझा पक्ष असा आहे: नवशिक्याचा चाकू कोन ढळल्यामुळे क्वचितच बोथट राहतो. तो बोथट राहतो त्याची खरी कारणे दोन. एक, उतार धारेच्या टोकापर्यंत पोचण्याआधीच घासणे थांबते. दोन, घासताना टोकावर धातूचा जो पातळ पापुद्रा उभा राहतो, कारखान्यात ज्याला ‘बर’ म्हणतात, तो काढला जात नाही. ही दोन कामे नीट झाली तर साध्या दुतर्फी दगडावर, मोकळ्या हाताने, कुणालाही चांगली धार लावता येते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. कोनाचा आग्रह धरणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली भूमितीची: धार म्हणजे दोन सपाट उतारांची भेट; प्रत्येक घासणीत कोन बदलला तर उतार सपाट न राहता फुगीर होतो आणि टोक गोल होण्याची भीती असते. दुसरी कारखानदारांची: चाकू बनवणारे स्वतःच कोन ठरवून देतात. व्हिक्टोरिनॉक्ससारखी जुनी स्विस कंपनी आपल्या चाकूंसाठी प्रत्येक बाजूला १५ ते २० अंश सांगते. तिसरी सरावाची: हाताला एकच कोन धरण्याची सवय लागायला काळ जावा लागतो आणि नवशिक्याजवळ नेमकी तीच सवय नसते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

तो का खरा नाही हे कळण्यासाठी बोथटपणा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. दाढीच्या नव्या ब्लेडच्या टोकाची रुंदी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास भरते. वापराने हे टोक गोल होते, कुठे वाकते, कुठे त्याचे टवके उडतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडच्या टोकाचा टवका उडवू शकतो. कारण पोलादाची आतली रचना सगळीकडे एकसारखी नसते. म्हणजे बोथटपणा हा कोनाचा बिघाड नव्हे, टोकाचा बिघाड आहे. बोथट चाकूचे उतार बहुधा शाबूत असतात. गेलेले असतात ते शेवटचे काही मायक्रॉन. दगडाने करायचे काम एवढेच, की दोन्ही उतार इतके मागे घासायचे की गोल झालेला भाग संपेल आणि ते पुन्हा एकमेकांना भेटतील.

आता कोनाचा हिशेब मांडू. घडीच्या चाकूचे पाते साधारण १५ मिलीमीटर रुंद धरले, तर २० अंशांच्या कोनासाठी पात्याची पाठ दगडापासून सुमारे ५.१ मिलीमीटर वर असावी लागते. १७ अंशांना ती सुमारे ४.४ मिलीमीटर वर असते आणि १४ अंशांना ३.६. म्हणजे हात तब्बल सहा अंश हलायचा तर पाठ दीड मिलीमीटर वरखाली व्हायला हवी. सावकाश आणि लक्ष देऊन घासणाऱ्या कुणाही धडधाकट माणसाचा हात याहून फारसा हलत नाही. आणि समजा हललाच, १४ आणि २० यांच्या दरम्यान झुलत राहिला, तर काय होते? टोक कोणत्या कोनाचे होईल हे त्यातल्या सर्वांत मोठ्या कोनावर ठरते, म्हणजे २० वर. त्याहून कमी कोनात झालेली घासणी टोकाला स्पर्शच करत नाही. ती उताराचा मागचा खांदा तेवढा उतरवते. त्याचा परिणाम म्हणजे थोडा फुगीर उतार आणि त्याच्या टोकाला दोन्ही बाजू मिळून चाळीस अंशांची धार. कारखानदाराने सांगितलेल्या मर्यादेतलीच ही धार झाली. हात हलल्याने वेळ वाया जातो, धार वाया जात नाही.

धोका एकाच दिशेने आहे: ठरवलेल्या कोनापेक्षा पाठ जास्त उचलली जाणे. तसे झाले तर टोक दगडावर आपटते आणि जमलेली धार गोल होते. म्हणून नवशिक्याला सांगायचे ते ‘कोन ढळू देऊ नका’ असे नव्हे. त्याला सांगायचे, ‘थोडे खालीच धरा, वर जाऊ देऊ नका.’ पहिल्या वाक्याने हात आखडतो, दुसऱ्याने काम होते.

कोन पक्का धरला की धार येतेच, या समजुतीविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा खाचेतून ओढायच्या यंत्राचाच आहे. त्यातल्या कार्बाइडच्या दोन पट्ट्या कायमच्या एका कोनात बसवलेल्या असतात. माणसाच्या हाताला साधणार नाही इतका तो कोन स्थिर असतो. तरीही त्यातून निघालेली धार खरबरीत असते आणि लवकर मरते, कारण त्या पट्ट्या धातू घासत नाहीत, ओरबाडतात. टोकावर फाटलेली, वाकलेली कड राहते आणि ती काढायची सोय त्या यंत्रात नसते. कोन पूर्ण स्थिर आहे आणि धार वाईट आहे. कोन हेच धारेचे मर्म असते तर असे घडले नसते.

उलट बाजूचा पुरावा रस्त्यावर आहे. सायकल स्टँडवर चढवून पायडलने चाक फिरवणारा धारवाला कुठलाही साचा लावत नाही. चप्पल शिवणारा कारागीर आपली रापी समोरच्या दगडावर चार हात ओढतो आणि त्याच रापीने जाड चामडे सरळ कापतो. सुतार रंध्याचे पाते आणि पटाशी ऑइल स्टोनवर हातानेच लावतो. यांच्यापैकी कुणी अंश मोजत नाही. ते घासतात, मध्येच पाते उलटून अंगठा लावून पाहतात, पुन्हा घासतात. त्यांचे लक्ष असते ते टोकाकडे. या कारागिरांनी वर्षानुवर्षे हात घडवला आहे, नवशिक्याची त्यांच्याशी तुलना कशी, असे कुणी म्हणेल. पण त्यांच्या सरावाने आलेला वेग सोडून द्या. अंगठ्याने टोक तपासण्याची त्यांची रीत नवशिक्याला पहिल्याच दिवशी उचलता येते, आणि घ्यायची ती तीच.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ पात्याचे टोक क्षणात तापते आणि पोलादाचे पाणी उतरते. मग ती धार टिकत नाही. हातातल्या दगडावर हा धोका जवळपास नाहीच. म्हणून नवशिक्याने चाकापेक्षा दगड निवडावा, आणि तो निवडताना घाबरू नये.

दगडांच्या चढणीबद्दल. आकडा जितका मोठा तितका दगड बारीक, हे खरे; पण हे आकडे सगळीकडे एका मापाचे नाहीत. युरोपीय मोजणीतल्या एफ ४०० चा कण सुमारे १७ मायक्रॉनचा असतो आणि जपानी मोजणीतल्या ४०० चा सुमारे ३० मायक्रॉनचा. एकच आकडा, आणि कण जवळजवळ दुप्पट. अशा आकड्यांवर विसंबून चार-पाच दगडांची यादी पाठ करण्यात नवशिक्याचा काही लाभ नाही. शिवाय आरशासारखा चकाकणारा उतार म्हणजे तीक्ष्ण धार नव्हे. बोथट चाकूचा उतार आठ हजारांच्या दगडावर घासला तर मिळतो तो चकाकणारा बोथट चाकू. आणि खिशातल्या चाकूची कामे कोणती, तर सुतळी कापणे, पुठ्ठा फाडणे, फळ चिरणे, फांदी तासणे. ओढून कापायच्या कामात मध्यम दगडावरची, सूक्ष्म दातेरी धार जास्त चांगली पकड घेते. टोमॅटोच्या सालीवर ती लगेच रुतते. अतिबारीक, गुळगुळीत धार तिथे घसरू शकते.

एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असा सिलिकॉन कार्बाइडचा करडा दगड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याला स्वस्त म्हणून कमी लेखायचे कारण नाही. एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकन संशोधकाने १८९१ साली विजेच्या भट्टीत हा पदार्थ मिळवला. मोह्सच्या कठीणतेच्या मोजणीत तो नऊच्या वर बसतो. चाकूचे पोलाद त्याच्यापुढे बरेच मऊ. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते रॉकवेल मोजणीत ५६ च्या आसपास असते. त्याला हा दगड सहज खातो. हे घासण्याचे साहित्य आपल्याकडे परकेही नाही. मुंबईसमोरच्या उरणजवळ मोरा इथे १९४१ सालीच घासणचाके बनवण्याचा कारखाना निघाला, आणि चेन्नईत १९५४ मध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल सुरू झाली. नवशिक्याने परदेशी दगडाची वाट पाहत बसावे अशी परिस्थिती आपल्या देशात कधीचीच उरलेली नाही.

तेल की पाणी, या वादाचीही तीच गत. दोन्हींचे काम एकच: घासलेला धातू दगडाच्या छिद्रांत अडकून दगड गुळगुळीत होऊ न देणे. अमेरिकेतले जॉन जुरानिच हे धारेच्या विषयातले नावाजलेले लेखक तर दगड कोरडाच वापरावा या मताचे होते. जाणकारांत इतका मतभेद असूनही सगळ्यांचे चाकू कापतात, यावरूनच या प्रश्नाचे वजन कळते. दगडाला एकदा तेल दिले की पुढे तेलच द्यावे, म्हणजे झाले.

खंडन इथे संपवतो आणि माझ्या पक्षाचे मंडन करतो.

दगड ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. पात्याच्या दोन्ही उतारांवर काळ्या मार्करची रेघ ओढावी. भरड बाजूवर, धार पुढे ठेवून, पाते मुळापासून टोकापर्यंत सावकाश ओढावे आणि चार-पाच हातांनंतर उचलून पाहावे. शाई उताराच्या मागच्या कडेवरूनच गेली असेल तर पाठ फार खाली आहे. फक्त धारेच्या कडेवरूनच गेली असेल तर पाठ फार वर आहे. पूर्ण उतारावरून गेली तर कोन बरोबर. महागडा साचा जे काम करतो ते नवशिक्यासाठी मार्करची शाई करते, आणि वर हातालाही शिकवते. उतार मुळात पाऊण मिलीमीटरही रुंद नसतो, तेव्हा ही शाई उजेडात धरून, डोळा लावून पाहावी.

मग एकाच बाजूने घासत राहावे. इथे नवशिक्या चुकतो. दहा हात इकडे, दहा हात तिकडे असा ठराविक आकडा त्याला सांगितलेला असतो आणि आकडा पुरा झाला की तो थांबतो. पण पोलाद किती घासायचे हे पोलाद किती झिजले आहे त्यावर ठरते, आकड्यावर नाही. थांबायची खूण एकच: समोरच्या, न घासलेल्या बाजूला बर येणे. अंगठ्याची गादी पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर सरकवावी. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. बर आली असेल तर कडेला बारीकशी अडखळ लागते, नख लावले तर अडकते. ही अडखळ मुळाशी लागली, मध्यावर लागली, पण वळणाजवळ आणि टोकाशी लागली नाही, तर तिथला उतार अजून भेटीला पोचलेलाच नाही. घडीच्या चाकूची पाती बहुधा टोकाकडेच अर्धवट राहतात, कारण वळणावर मूठ किंचित उचलावी लागते आणि नवशिक्या ती उचलत नाही. मुळापासून टोकापर्यंत सलग बर लागली की मगच पाते उलटावे आणि दुसऱ्या बाजूने तेच करावे.

बर येणे म्हणजे धार येणे नव्हे. त्या क्षणी चाकू कागद कापतोही, पण ती कापणी पापुद्र्याची असते. दोन फांद्या तासल्या की पापुद्रा मुडपतो आणि चाकू बोथट वाटतो. ‘धार लावली पण टिकली नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा याच ठिकाणी जन्म घेते आणि दोष मात्र पोलादाला दिला जातो. मऊ स्टेनलेस पात्यांत ही बर चिवट असते, एका बाजूची काढली की दुसरीकडे वाकते. म्हणून बारीक बाजूवर आळीपाळीने एकेक हात ओढायचा आणि दाब कमी करत न्यायचा. दाब कळत नसेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दगड ठेवून पाहावा: सुरुवातीला किलोभर दाब चालतो, शेवटी शंभर-दोनशे ग्रॅमच्या वर जाऊ नये. शेवटचे काही हात चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून.

या बाबतीत कुणाला प्रयोगाचा आधार हवा असेल तर तोही आहे. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हेन यांनी २००४ साली चाकूच्या धारेवरचे आपले प्रयोग मांडले. घासलेली टोके त्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. नुसत्या कोऱ्या चामड्यावर पाते फिरवून बर फारशी हटत नाही. चामड्याला क्रोमियम ऑक्साइडचा लेप असेल तर हटते, असे त्यांना दिसले. ही हिरवी पूड पॉलिशच्या सामानात मिळते. तेव्हा चामड्याचा पट्टा घ्यायचाच तर तो लेप लावून घ्यावा.

काम झाले की नाही याची परीक्षा अगदी साधी आहे. धार दिव्याखाली, आपल्याकडे करून धरावी. गोल टोकावरून उजेड परततो. जिथे चमकती रेघ किंवा ठिपका दिसेल तिथे चाकू अजून बोथट आहे. खऱ्या धारेवर उजेड थांबायला जागाच नसते. मग वर्तमानपत्राचे पान एका हाताने धरून मुळापासून टोकापर्यंत कापावे. जिथे पाते अडेल तिथे टवका किंवा राहिलेली बर आहे. हातावरचे केस भादरून पाहण्याची काही गरज नाही.

आता माझ्या पक्षाच्या मर्यादा. सुताराच्या पटाशीचा उतार सपाट लागतो, कारण तिला लाकडावर टेकूनच चालायचे असते. तिथे साच्याचा उपयोग आहे. व्हॅनेडियम भरपूर असलेल्या अतिकठीण पोलादांना सिलिकॉन कार्बाइड पुरे पडत नाही, हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. आणि एक उदाहरण आपल्या कोकणातले. आंब्याचे कोय कलम बांधणारा माळी जो घडीचा चाकू वापरतो, त्याला बारीक दगड हवाच. कलमकाडीची पाचर कापताना पेशी चेंगरल्या तर खुंटाच्या आणि काडीच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना नीट भिडत नाहीत आणि कलम मरते. तिथे मध्यम दगडाची दातेरी धार चालणार नाही. पण हे तिन्ही अपवाद काम आणि पोलाद ओळखून साधन निवडायला सांगतात. कलमाच्या चाकूलाही बर राहून चालत नाहीच. उलट तिथे ती सर्वांत जास्त घात करते.

तेव्हा निवाडा असा. कोन महत्त्वाचा आहे, पण तो चाकू बनवणाऱ्याने आधीच दिलेला आहे. नवशिक्याने तो शाईच्या साहाय्याने पाळायचा, त्याची पूजा करायची नाही. ज्यांना शिकायचे आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: साचा आणि दगडांची चढण यांवर खर्च करण्याआधी एक दुतर्फी दगड आणि एक मार्कर घ्या, आणि महागडा चाकू बाजूला ठेवून घरातल्या एखाद्या साध्या चाकूवर हात बसवा. जोवर बर मुळापासून टोकापर्यंत सलग बोटाला लागत नाही, तोवर पाते उलटू नका. आणि जोवर ती दोन्ही बाजूंनी पूर्ण गेलेली नाही, तोवर धार लागली असे मानू नका.